बर्फातलं वाण

जावयाला कावीळ झाली चैत्रात आणि धोंड्याचा महिना उजाडला जेठात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नव्हता. तो वामनरावांच्या घरी येऊन जुळला.

हे सन एकसष्टचं. वामनराव बुलढाण्याला कचेरीत वरिष्ठ कारकून होते. 'वरिष्ठ' हा शब्द ते स्वतः जरा जोर देऊन उच्चारत. बाकीचे लोक तो गाळत. एकुलती एक लेक शालू मागच्या वर्षी वरवट बकालला दिली होती. घर मोठ्या शेतकऱ्याचं, जावई इंद्रभान गरीब स्वभावाचा, आणि विहीण रुखमाबाई... विहीणबाईंबद्दल वामनराव स्वतःच्या घरातसुद्धा हळू आवाजात बोलत. लग्नात पंगतीला बसताना रुखमाबाईंनी समोरच्या वरणाकडे एकदा पाहिलं होतं आणि मग वामनरावांकडे पाहिलं होतं. बोलल्या काहीच नव्हत्या. त्या न बोलण्यावर वामनरावांनी वर्षभर विचार केला होता.

आता लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना. तीन वर्षांतून एकदा येतो. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तुपात तळलेल्या तेहतीस अनारशांवर दिवा ठेवून वाण द्यायचं, ही रीत. आणि इकडे डॉक्टरांनी इंद्रभानला तळलेलं, तुपातलं सगळं वर्ज्य केलेलं. दही खा, फळं खा, उसाचा रस प्या, असं सांगितलेलं. त्यावर वरवटच्या वैद्यबुवांनी आपल्या तर्फे महिनाभरासाठी मीठही बंद करून टाकलं होतं.

"अजी, पुढच्या धोंड्याले करू की," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तब्येतीचं कारन हाय. कोनी काही म्हननार नाई."

"तेच तर!" वामनराव कळवळून म्हणाले. "इहीणबाई काही म्हननार नाईत. तीन वर्षं काही म्हननार नाईत!"

अन्नपूर्णाबाईंना लग्नातलं वरण आठवलं आणि त्यांनी पुढच्या धोंड्याचा हट्ट सोडला.

अशा संकटात वामनरावांना वाट दिसली ती कचेरीत. कुणीतरी पुण्याहून मागवलेलं एक आरोग्यविषयक मासिक तिथं दुपारच्या चहाबरोबर हातोहात फिरत असे. त्यात एका बाईंनी 'दही व फळे यांचा पौष्टिक थंड खाऊ' लिहिला होता. अत्यंत सोपा, घरच्या घरी होणारा, तळण नाही, तूप नाही. दह्याचा चक्का करावा, फळांचा गर आणि थोडा मध घालून भरपूर घुसळावा, लहान लहान वाट्यांत भरावा आणि वाट्या शीतकपाटात ठेवून द्याव्यात. दह्याचे घट्ट गार गोळे तयार. तेहतीस अनारशांऐवजी तेहतीस वाट्या! वामनरावांनी ते पान तिथल्या तिथं पाठ केलं. पाठ करून घेणं हा त्यांच्या नोकरीतला गुणच होता.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या झुंबरबाईंना ही बातमी वामनराव चपला काढत होते तोवर पोचली. गल्लीतल्या रीतिरिवाजांचा कारभार झुंबरबाईंकडे होता. तो त्यांना कुणी दिला नव्हता, पण काढून घ्यायची हिंमतही कुणात नव्हती.

"वाणात दही?" त्या दारातूनच म्हणाल्या. "भाऊजी, धोंड्याच्या वाणाले जाळी लागते. अनारशाले जाळी असते, बत्ताशाले असते. तुमच्या दह्याले कुठची जाळी?"

वामनराव हटले नाहीत. "वहिनी, घुसळलेल्या दह्यात हवा जाते. जाते का नाई?"

"जाते."

"हवा जाते म्हंजे कुठंतरी शिरते. शिरते म्हंजे तिथं भोक असलंच पाह्यजे. ते आपल्याले दिसत नाई, एवढंच."

झुंबरबाईंनी यावर बराच विचार केला. शेवटी "दिसत नाई तं देवाले दिसत असन," म्हणून त्यांनी परवानगी दिली.

राहता राहिलं शीतकपाट. असं कपाट बुलढाण्यात वामनरावांच्या माहितीत दोनच ठिकाणी होतं. एक मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर, जिथं ते फाइल हातात असल्याशिवाय कधी गेले नव्हते. दुसरं गुरांच्या दवाखान्यात, लस ठेवण्यासाठी, रॉकेलवर चालणारं. तिथले कारकून नारायणराव. वामनराव धुतलेली टोपी घालून त्यांच्या खिडकीशी गेले.

"वाट्या ठेवाच्या?" नारायणरावांनी मान वर न करता विचारलं. "कायच्या?"

"दह्याच्या. जावयासाठी."

"यात लस असते. दही ठेवता येत नाई."

"पन अर्धं कपाट रिकामं दिसून राह्यलं."

"जागा हाय. तरतूद नाई."

"अहो, धोंड्याचा महिना आहे!"

"आमच्या नियमात बाराच महिने हायत," नारायणराव म्हणाले. मग त्यांना थोडी दया आली असावी. "एक मार्ग हाय. अर्ज करा. दही कोनत्या जनावराचं ते लिहा. ते जनावर निरोगी असल्याचा दाखला जोडा. दाखला आमचे डॉक्टर देतात. ते दौऱ्यावर गेले."

"येतील कवा?"

"महिना सरल्यावर."

"कोनता?"

"हाच. तुमचा अधिकवाला."

वामनराव खिडकीपासून बाजूला झाले. अशी वाक्यं ते स्वतः इतकी वर्षं आतल्या बाजूनं बोलत आले होते. बाहेरच्या बाजूला ती कशी ऐकू येतात हे त्यांना आज कळलं. संताप तर आलाच, पण 'जागा हाय, तरतूद नाई' हे वाक्य आपल्याला इतक्या वर्षांत सुचलं नाही याची जराशी रुखरुखही लागली.

मग मदतीला धावले उत्तमराव, म्हणजे झुंबरबाईंचे यजमान. ते जंगल खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या तरुणपणी त्यांनी एका गोऱ्या साहेबाच्या मुक्कामावर आइस्क्रीम होताना पाहिलं होतं. पाहिलं होतं लांबून, तंबूच्या दोरीपाशी उभं राहून, पण त्या विषयात ते गल्लीतले एकमेव साक्षीदार असल्यामुळे त्यांचा शब्द प्रमाण होता.

"कपाट कायले पाह्यजे?" ते म्हणाले. "बर्फ आना. बर्फात जाडं मीठ टाका. मीठ पडलं का बर्फाले असा गारठा सुटते, का हात लावनं मुश्किल. त्यात वाट्या रोवा. काम खतम."

बर्फ मलकापूरला मिळे. मलकापूरला रेल्वे, आणि रेल्वेच्या आधारानं बर्फाचा कारखाना. ठरल्या दिवशी वामनराव पहाटेच्या एस.टी.नं गेले आणि भुसा लावून, तरटात गुंडाळून ट्रंकेएवढी लादी घेऊन परतीच्या गाडीत बसले. लादी त्यांनी सीटखाली ठेवली आणि वर पाय सोडून असे बसले, की जणू सरकारी खजिना चालला आहे.

मोताळ्यापर्यंत तरटाखालून पाण्याचा एक ओहोळ निघून पुढच्या माणसाच्या मिरच्यांच्या पिशवीत गेला. तो माणूस भांडायला उठला, पण पाण्याला बोट लावल्यावर त्याचा चेहरा बदलला. "बर्फ हाय बे याच्यात!" तो ओरडला. झालं. जेठातली दुपार, पत्र्याची गाडी आणि तीत बर्फ. एका म्हातारीला डोकं दुखत असल्याचं आठवलं. एका बाईच्या पोराला घामोळं होतं. एक गृहस्थ काहीच कारण न सांगता नुसता हात पुढे करून बसले. वामनरावांना तोंडावर नाही म्हणणं जमत नसे. कचेरीत त्यासाठी खिडकी असते, इथं ती नव्हती. ते एकेक टवका काढून देत गेले. लोक खाऊन पिऊन आशीर्वाद देत होते. "जवायाले शंभर वर्षं आयुष्य लाभो," म्हातारी कपाळावर बर्फ धरून म्हणाली.

राजूरच्या घाटात गाडीनं दम टाकला. इंजिनातून वाफ निघाली. ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन खाली उतरला, तो रिकामा डबा घेऊन मागं आला आणि सरळ वामनरावांसमोर उभा राहिला.

"सायेब, खालचं वितळेल पानी द्या."

"अहो, हे वाणाचं आहे!"

"गाडी चढली नाई तं वाण इथंच द्या लागन," ड्रायव्हर म्हणाला.

साचलेल्या पाण्यानं डबा भरला नाही. मग सगळ्यांच्या संमतीनं लादीचा एक कोपरा डब्यात फोडून टाकण्यात आला, तो उन्हात वितळेपर्यंत उतारू सावलीला जाऊन बसले आणि उरलेली लादी मात्र उन्हातच राहिली. गाडी बुलढाण्याला पोचली तेव्हा ट्रंकेएवढी लादी पाटाएवढी झाली होती. वामनराव ती छातीशी धरून जवळजवळ पळतच घरी आले. सदऱ्यातून ओघळणारं पाणी बघून गल्लीतल्या एका दोघांनी तब्येतीची चौकशी केली.

घरी तयारी जय्यत होती. चक्का टांगून झालेला, गावरान आंब्याचा रस गाळलेला, पपई आणि केळी कुस्करलेली. अन्नपूर्णाबाईंनी रवीनं इतकं घुसळलं होतं, की झुंबरबाईंना त्यात खरोखरच जाळी दिसली. फक्त वाट्यांची पंचाईत होती. घरात निघाल्या डझनभर, त्यातल्या दोन कलंडणाऱ्या. तेव्हा अन्नपूर्णाबाई दारोदार फिरल्या आणि ज्या घरात जी मिळाली ती घेऊन आल्या. पितळेच्या, काशाच्या, कल्हईच्या. प्रत्येकीवर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं. कुणाच्या लग्नातली, कुणाच्या मुंजीतली, एकीवर तर कुणाच्या तरी स्वर्गवासी मावशीचं स्मरण. ती वाटी नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवायची असं ठरलं. तरी शेवटी एक कमीच पडली. झुंबरबाई काही न बोलता घरी गेल्या आणि चांदीची एक लहान वाटी पदरानं पुसत घेऊन आल्या. त्यांच्या मुलाच्या बारशाची. मुलगा आता दूर आसामात नोकरीला होता आणि दिवाळीलाही येत नसे.

"ही घ्या," त्या म्हणाल्या. "फडताळात पडूनच होती."

उत्तमरावांच्या देखरेखीखाली दोन गंगाळांत बर्फ पडला, मीठ पडलं, पळसाची पानं बांधलेल्या वाट्या रोवल्या गेल्या. "हलवू नका," उत्तमराव मधून मधून म्हणत. साहेबाच्या तंबूत बादली गरागरा फिरवत होते हे त्यांना आठवत होतं, पण ते सांगितलं तर गंगाळ फिरवायचं कुणी हा प्रश्न आला असता. एवढ्याशा बर्फाचा धीर तो किती! हळूहळू गंगाळात पाणी झालं, वाट्या तरंगू लागल्या आणि एकमेकींना टिणटिण धक्के देत फिरू लागल्या. वामनराव त्यांना पुन्हा पुन्हा सरळ करत होते. त्या खाऱ्या पाण्यानं पळसाच्या पानांखाली काय केलं, हे त्या वेळी कुणी पाहिलं नाही.

तेवढ्यात दारात टांगा थांबला. रुखमाबाई, इंद्रभान आणि शालू ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी आले.

जेवणं झाली. जावयाच्या ताटात मऊ भात आणि अळणी वरण. मग वाण आलं. पाटावर तेहतीस वाट्या, मध्ये चांदीची वाटी, तिच्यावर रीतीप्रमाणे दिवा. दही नुकतं कुठं धरू लागलं होतं, काठाशी घट्ट आणि मध्ये लपलप. दिवा लावून अन्नपूर्णाबाई ओवाळायला वळल्या आणि दिवा सावकाश आंब्यात उतरू लागला. ज्योत चुर्र म्हणायच्या आत झुंबरबाईंनी तो झडप घालून उचलला आणि हातावर धरून उभ्या राहिल्या. विहीणबाई पाहत होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

इंद्रभाननं पहिला घास घेतला. त्याचे डोळे मोठे झाले. वामनरावांनी घाईघाईनं शेजारच्या वाटीत बोट बुडवून चाटलं. मीठ! नुसतं मीठ! ज्या पोराला दोन महिने मिठाचा कण दिला नव्हता, त्याला सासऱ्यानं वाणातून मीठ चारलं होतं.

"काय झालं?" रुखमाबाईंनी विचारलं. त्या वाटी हातात घेऊन चाखणार, तोच इंद्रभाननं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि चाटून पुसून संपवली. मग दुसरी उचलली. मग तिसरी.

"आई," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "मीठ हाय याच्यात. दोन महिन्यांनं माह्या तोंडाले चव आली पाहा."

"वैद्यबुवानं मना केलं नं तुले!"

"वैद्यबुवाची मुदत कवाचीच सरली. तूच सोडून नाई राह्यली मले!"

शालू पदर तोंडाला लावून हसू लागली. रुखमाबाईंनी एक वाटी उचलून थोडं चाखलं, पोराकडे पाहिलं, रिकाम्या वाट्यांची वाढती रांग पाहिली. पोराचा चेहरा बऱ्याच दिवसांनी माणसासारखा दिसत होता. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. वामनरावांना लग्नातलं वरण, शीतकपाट, घाट, सगळं फिटल्यासारखं वाटलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. उरलेल्या वाट्या गल्लीतल्या लेकरांनी आणि मोठ्यांनी मिळून संपवल्या.

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण निघायची वेळ झाली, तेव्हा रुखमाबाईंनी सगळ्या वाट्या धुऊन आणायला सांगितल्या, एक जुनं लुगडं अंथरलं आणि वाट्या त्यात रचू लागल्या.

"इहीणबाई, हे...?" अन्नपूर्णाबाई पुढे झाल्या.

"वाणाचं भांडं माघारी ठेवत नसतात," रुखमाबाई म्हणाल्या आणि व्याह्यांकडे वळल्या. "एवढ्या साऱ्या वाट्या! इवाई, तुमी तं लयच केलं."

रीत बरोबर होती. वाण ज्या भांड्यात, ते भांडं जावयाचं. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. जाळीचा विचार झाला, भोकांचा झाला, पण भांड्यांचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. दारात आपापली वाटी न्यायला बायका जमल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या लग्नातल्या, मुंजीतल्या वाट्या एकेक करून वरवट बकालला निघाल्या होत्या. वामनरावांची मान खाली जाऊ नये म्हणून सगळी गल्ली ओठ आवळून उभी होती.

वामनरावांनी मनातल्या मनात हिशेब केला की पुढच्या बाजारी नव्या वाट्या घेऊन घरोघर देता येतील. तेवढ्यात रुखमाबाईंनी चांदीची वाटी उचलली. वामनरावांची नजर झुंबरबाईंकडे गेली. गल्लीला हुकूम सोडणाऱ्या त्या बाई भिंतीकडे तोंड करून पदराचा काठ उगाच सारखा करत होत्या. तशी वाटी कुठल्याच बाजारात मिळत नाही, हे वामनरावांना कळलं.

"इहीणबाई," ते म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू नव्हता, "या वाट्या आमच्या नाईत. घरात एवढ्या नव्हत्या. गल्लीतून मागून आनल्या. ते मीठही चुकून पडलं. जे खरं हाय ते हे हाय."

रुखमाबाईंचा हात थांबला. ते ओळखीचं, भयंकर न बोलणं पुन्हा एकदा खोलीत पसरलं. मग त्यांनी चांदीची वाटी उजेडाकडे धरली.

"ही कोनाची?"

"माही," झुंबरबाई पुटपुटल्या.

"अन् ही?"

"माही." "ते आमची." "ते माह्या सासूची, बाई." दारातून एकेक आवाज येत गेला. स्वर्गवासी मावशीलासुद्धा आपले नातेवाईक सापडले. रुखमाबाई प्रत्येकीकडे नीट पाहत होत्या.

"आमच्या घरी भांड्याच्या दोन खोल्या हायत," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हनून आमाले कोनाले वाटी मागा लागत नाई. अन् मागतली तं गावात कोन देईन, तेही मले मालूम नाई. तुमच्या दारी सारी गल्ली उभी हाय, इवाई. माह्या सुनेचं माहेर एवढं मोठं हाय हे मले कोनी सांगतलंच नाई."

डोळे पुसावेत की हात जोडावेत या घोटाळ्यात वामनरावांनी उपरण्यानं हात पुसले. रुखमाबाईंनी चांदीची वाटी झुंबरबाईंच्या तळहातावर ठेवली आणि लुगड्याला गाठ मारली.

"बाकीच्या मी नेतो. वाण दिलं ते दिलं. ज्याची वाटी असन, त्यानं वरवटले यावं, पोटभर जेवावं अन् भरली वाटी घेऊन जावं. रिकामी वाटी आमच्या घरून जात नसते." मग त्या झुंबरबाईंकडे वळल्या. "तुमची दिली, तरी तुमी या. दिवा तुमीच धरला होता."

टांगा वळणाआड गेला. गल्ली लगेच हिशेबाला लागली. एवढी माणसं, एवढी लेकरं, वरवटपर्यंतचा रस्ता, बदलाव्या लागणाऱ्या गाड्या, आणि उत्तमराव म्हणजे वाटेत दर मैलाला साहेबाचा तंबू. या सगळ्याचा म्होरक्या कोण होणार हे कुणालाही विचारावं लागलं नाही.

"मंग भाऊजी," झुंबरबाईंनी वाटी कमरेला खोचत आपला नेहमीचा आवाज लावला, "कवा निघाचं?"

वामनरावांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळेच्या सगळे आपले, हे त्यांना असं मोजल्यासारखं आजच दिसलं.

"आंबे सराच्या आंधी," ते म्हणाले.